उभे वायपर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई सिडनीत कॅसल हिलला माझ्या दोन घरं पलीकडे राहतात. त्या मला म्हणाल्या, "पास्कलकाका, तुम्ही इतकी वर्षं स्नोमध्ये काढलीत, काहीतरी मस्त लिहा ना. स्कीइंग, हॉट चॉकलेट, असं." आता त्यांना काय सांगणार? मला स्कीइंग येत नाही. एकदा शिकायला गेलो होतो, तो सरळ आमच्याच कचऱ्याच्या डब्यांवर जाऊन आदळलो. पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. बर्फाच्या गावातली माझी वर्षं गेली ती लोकांचे नळ, गटारं, कचरा आणि रस्ते सांभाळण्यात. हॉट चॉकलेट प्यायलेला माणूस थोड्या वेळाने जिथे जातो, तिथून माझं काम सुरू व्हायचं.

गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. सिडनीहून गाडीने निघालात तर पोचेपर्यंत अख्खा दिवस मोडतो, एवढं सांगितलं तरी पुरे. उन्हाळ्यात तिथे आम्ही मूठभर माणसं आणि वॉम्बॅट नावाची गुबगुबीत रानटी जनावरं. हिवाळ्यात मात्र एखाद्या उपनगराला पुरतील इतके लोक त्या चिमूटभर जागेत येऊन भरतात, आणि सगळ्यांना एकाच वेळी गरम पाण्याने आंघोळ करायची असते. गावाला ना मेयर, ना नगरसेवक. मी व्हिलेज सर्व्हिसेस मॅनेजर. नगरपालिकेत जेवढी खाती असतात तेवढी सगळी माझ्या एका टेबलावर, आणि ते टेबलही यंत्रांच्या शेडच्या कोपऱ्यात, डिझेलच्या वासात.

मी वसईचा. लहानपणी बर्फाची माझी ओळख म्हणजे मासळीच्या टोपलीत घालतात तो. इथे मास्टर्स करायला आलो, सिडनीतल्या कौन्सिलांना अर्ज करून करून दमलो, आणि जी नोकरी कोणालाच नको होती ती मला मिळाली. पहिल्या आठवड्यातच लोकांनी पास्कलचं 'पास्को' करून टाकलं. ऑस्ट्रेलियन माणसाने तुमचं नाव तोडलं की समजावं, तुम्हाला ठेवून घेतलं.

काम काय, तर निसर्ग सगळं बंद पाडायला बघतो आणि आपण ते चालू ठेवायचं. मैला साफ करतात ते जंतू. जिवंत, कष्टाळू, पण थंडी कडक पडली की सुस्तावतात. शाळांच्या सुट्टीत, म्हणजे गाव तुडुंब भरलेलं असताना, ते हमखास संपावर जायचे. मग आम्ही टाक्यांपाशी उभं राहून आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे त्यांचे पारे बघायचो. पाइप जमिनीत खोल असतात, पण कुठल्यातरी लॉजवाल्याने परवानगीशिवाय वरून एक जोड दिलेला असतो, आणि गोठून फुटतो तो नेमका तोच. तो खणून काढायला आधी त्याच्यावरचा माणूसभर बर्फ खणावा लागतो.

आणि फोन. "आज स्नो किती वाजता सुरू करणार?" हा प्रश्न मला दर मोसमात कोणीतरी विचारायचंच. एका लॉजच्या बाई रोज फोन करायच्या, की आमच्या खिडकीसमोरचा बर्फाचा ढीग हलवा, व्ह्यू जातो. मी विचारलं, बाई, व्ह्यू कशाचा? म्हणाल्या, बर्फाचा. मी फोन ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो, नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं.

पण ज्यासाठी लिहायला बसलो ते हे नव्हे. त्याच्याआधी फक्त साखळ्यांची एक गोष्ट सांगतो. निसरड्या रस्त्यावर गाडीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, आणि त्या बांधायच्या इंजिन जी चाकं फिरवतं त्यांना. एकदा ब्रिस्बेनकडच्या स्प्रिंगफील्ड लेक्सहून आलेलं एक गुजराती कुटुंब रस्त्यात आडवं झालं होतं. गाडी पुढच्या चाकांची, साखळ्या मागच्या चाकांना. मी समजावायला लागलो तर गृहस्थ चिडले. शेजारच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "भाईसाब, उसने भी तो पीछे लगाया है!" शेजारची गाडी मागच्या चाकांची होती.

तेव्हा हसलो. नंतर वाटलं, हसण्यासारखं काय आहे त्यात? आपण सगळे इथे असेच तर शिकलो. बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, म्हणून म्हणायचं. बार्बेक्यूला आपापलं मांस आणतात, म्हणून आणायचं. समोरचा करतो ते आधी करायचं, का करायचं ते मागाहून कळतं. कधीकधी कळतच नाही, आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडतही नाही.

आता केव्ह. बर्फ काढायच्या यंत्रावर केव्ह माझ्याही आधीपासून होता. बांधेसूद, कमी बोलणारा, दाढीत कायम बर्फाचे दोन-चार मणी अडकलेले. मी त्याचा साहेब, पण गाव मला शिकवलं त्यानेच. कडेला रोवलेल्या काठ्यांवरून बर्फाखालचा रस्ता कसा ओळखायचा, कुठल्या छपराखालून चालायचं नाही, वारा फिरला की कुठला उतार आधी भरतो. त्याचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. पुढे मोठं पातं लावलेलं यंत्र चालवायचं, पात्याने बर्फ कडेला सारायचा. पण सारलेला बर्फ कुठेतरी जातो ना? पार्किंगमधली वाट साफ केली की दोन्ही बाजूंना त्याचा बांध पडतो, आणि दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात. बांध पडतो तो त्यांच्या पाठीशी.

म्हणून एक रीत होती. गावात गाडी लावली की वायपर उचलून उभे करून ठेवतात. कारण साधं आहे. खाली ठेवले तर काचेला गोठून चिकटतात आणि ओढताना रबर फाटतं. पण यंत्र चालवणाऱ्यांनी त्यातून दुसरा अर्थ काढला होता. वायपर उभे म्हणजे मालक गाडी ठेवून गेला, आत कोणी नाही, इतक्यात कोणी येणारही नाही. तिच्या मागे बांध पडला तरी चालेल, सकाळी फावड्याने काढता येईल. वायपर खाली असले तर मात्र पातं उचलायचं, उतरायचं, बघायचं. कोणीतरी आत आहे, नाहीतर निघायच्या बेतात आहे. केव्हने ही रीत त्याच्या आधीच्या माणसाकडून घेतली, त्याने त्याच्या आधीच्याकडून. कुठे लिहिलेली नव्हती. गावातल्या प्रत्येकाला माहीत होती, आणि गावात पाहुणा म्हणून आलेल्या एकालाही माहीत नव्हती. मला ती फार हुशारीची वाटायची. नव्या पोरांना मी कौतुकाने सांगायचो.

त्या दिवशी सकाळी ऊन होतं. दुपारनंतर हवा अचानक बिघडली. वारा सुटला आणि बर्फ असा पडायला लागला की शेडच्या दारातून समोरची टाकी दिसेना. अशा वेळी दिवसभरासाठी आलेले लोक घाबरून एकदम निघतात, म्हणून पार्किंगच्या वाटा आधी मोकळ्या कराव्या लागतात. केव्ह निघाला, सगळ्या वाटा काढून परत आला, आणि चहाचं पाणी ठेवलं.

तेवढ्यात शेडच्या दारात एक तरुण आला. अंगावर भाड्याचं जॅकेट, हातात मुलांची घसरायची लाल प्लॅस्टिकची घसरगाडी. "एक्स्क्यूज मी, मला माझी गाडी सापडत नाहीये," तो इंग्रजीत म्हणाला. मी म्हणालो, नो वरीज, बर्फात सगळ्यांचं होतं तसं, कुठली गाडी? तो उत्तर देता देता फोन कानाला लावत होता, आणि मराठीत पुटपुटला, "अण्णा, उचला ना... उचला ना फोन."

मी मराठीत विचारलं, "अण्णा कुठे आहेत?"

तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "गाडीतच आहेत. माझे वडील. त्यांचे सॉक्स ओले झाले होते, म्हणून त्यांना गाडीत बसवलं. मुलांना एक लास्ट राइड हवी होती."

केव्हला मराठीतलं काही कळलं नव्हतं. पण माझा चेहरा त्याने पाहिला. "इंजिन चालू आहे?" त्याने विचारलं.

"यस, ऑफ कोर्स. हीटर लावून दिलाय."

केव्हने कप खाली ठेवला नाही, सोडला. फावडं घेऊन तो दाराबाहेर पडला तेव्हा त्या मुलाला अजून कळलंच नव्हतं की घाई कसली.

वसईच्या बाजूला मिठागरं आहेत, तिथे मिठाचे ढीग रांगेने घालून ठेवतात. पार्किंग तसं दिसत होतं. पांढरे ढीग, एकासारखा एक. त्या मुलाला, नितीन म्हणू या त्याला, आपली गाडी कुठली ते ओळखता येईना. "टॉयलेट ब्लॉकजवळ," एवढंच तो म्हणत होता. केव्हने विचारलंही नाही. तो शेवटच्या रांगेतल्या एका ढिगापाशी सरळ गेला. ढिगातून मागच्या काचेचा वायपर तेवढा ताठ बाहेर आला होता. काही वेळापूर्वी यंत्रावरून त्याने तो पाहिला होता, आणि पाहिला म्हणूनच पातं उचललं नव्हतं.

बर्फाने गाडीचा धूर सोडणारा पाइप बुजला की धूर बाहेर जायला वाट उरत नाही. तो खालून, फटींतून गाडीत शिरतो. त्यातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. आत बसलेल्या माणसाला फक्त झोप येते. इंजिन आम्ही पोचलो तेव्हा बंद पडलेलं होतं. आम्ही काच फोडली.

अण्णा मागच्या सीटवर होते. माकडटोपी, मफलर, मांडीवर शाल, पाय जोडे काढून वर घेतलेले. गाल लालसर होते. नितीनने ते पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "बघा, ठीक आहेत, झोपलेत," तो म्हणाला. आम्हाला दर वर्षी प्रथमोपचाराचं शिक्षण देतात. तो लाल रंग कशाचा असतो ते मला माहीत होतं. केव्हलाही माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी केला नाही असा प्रयत्न नव्हता. पण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी हातमोजे काढलेले होते.

नितीनचा फोन वाजत होता. पडद्यावर 'आई'. वाजून बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा. सिडनीत केलीव्हिलच्या घरी त्या एकट्याच होत्या. गुडघे दुखतात म्हणून बर्फ बघायला आल्या नव्हत्या. नितीनची बायको मुलांना घेऊन कॅफेत बसली होती, तिला अजून सांगायचं होतं. नितीनने फोन माझ्यापुढे धरला. "तुम्ही बोलाल का? माझ्याने नाही होणार. आणि इथल्या कोणी इंग्लिशमध्ये सांगितलं तर तिला..." 

नोकरीत मी लोकांना बरंच काही सांगितलं आहे. पाणी येणार नाही, रस्ता बंद आहे, तुमच्या लॉजखाली मैल्याचा पाइप फुटलाय. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हटलं, "काकू, मी पास्कल बोलतोय. इथे गावात काम करतो. तुम्ही आधी बसून घ्या."

त्या बसल्या असाव्यात. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी सांगितलं. आडवळणं न घेता सांगितलं. आडवळण घेतलं की माणूस मध्येच आशा धरतो.

 मग त्यांनी विचारलं, "मफलर घातला होता का त्यांनी?"

"हो काकू. घातला होता."

"थंडीने का मग?"

"नाही. गाडीत ऊब होती. थंडी वाजली नाही त्यांना."

"बरं," त्या म्हणाल्या. "नितीनला रागावू नका कोणी." आणि फोन ठेवला. मला आजही कळलेलं नाही, त्यांनी ते शेवटचं का म्हटलं. आई असल्यामुळे म्हटलं असेल.

दवाखान्यातून बाहेर आलो तर केव्ह पार्किंगमध्ये होता. यंत्र तसंच उभं होतं. तो हातात फावडं घेऊन एकेका गाडीपाशी जात होता, मागचा बर्फ काढत होता, काचेवर मूठ आपटत होता, कान लावत होता, मग पुढची गाडी. त्या गाड्या रिकाम्या होत्या. मालक लांब दारू पीत बसलेले. मी त्याला थांबवलं नाही. सगळी रांग संपेपर्यंत त्याच्या मागे चालत राहिलो.

पोलिसांना आम्ही दोघांनी सगळं खरं सांगितलं, वायपरच्या रितीसकट. रीतसर चौकशी झाली. खटला कोणावरच झाला नाही. अपघात, असं ठरलं. अपघात हा शब्द फार सोयीचा आहे. त्याने प्रश्न सुटत नाही, फाइल तेवढी बंद होते.

केव्ह त्या दिवसानंतर यंत्रावर चढला नाही. शेडमध्ये बसून साखळ्यांना तेल दे, पात्याचे बोल्ट बदल, असली कामं करायचा. एकदा त्याने मला विचारलं, "पास्को, ते वायपर वर कोणी केले होते?"

"त्या मुलानेच. दुसरं कोण करणार? बाकीच्यांनी केले होते, त्याने बघून केले."

"त्याला माहीत आहे का, आम्ही त्यातून काय समजतो ते?"

"मला नाही वाटत."

केव्ह पान्याने बोल्ट आवळत राहिला. मग म्हणाला, "मग सांगू नकोस."

मला ते पटलं नाही. मी म्हणालो, अरे, तो तुझ्यावरच सगळं टाकेल. तू मुद्दाम काही केलं नाहीस. रीत पाळलीस. त्याला कारण कळायला नको?

केव्ह म्हणाला ते मी मराठीत लिहितो. "त्याला रागवायला कोणीतरी लागेल, मेट. मी आहे ना. मला ही गोष्ट माहीत आहे, तर मी फक्त यंत्र सोडलं. त्याला कळली तर त्याने काय सोडायचं? बापाला थंडी लागू नये म्हणून आत बसवलं, आणि गाडीची काळजी घेतली. एवढंच केलंय त्याने."

नाही सांगणार, असा मी त्याला शब्द दिला. एका माणसाच्या वाट्याचं ओझं दोघांपैकी कोणी उचलायचं, एवढाच प्रश्न होता. माझ्या मते ते दोघांचंही नव्हतं, पण असली ओझी जमिनीवर ठेवता येत नाहीत. आणि माझ्या मनात येत होतं की, त्या रितीचं कौतुक सांगत फिरणारा मी होतो, मग माझं वजन कुठे धरायचं?

मोसम संपत आला तेव्हा नितीनचा फोन आला. "काका, मी येतोय. मला ते यंत्र चालवणाऱ्यांना भेटायचंय. भांडायला नाही. फक्त भेटायचंय."

तो यायचा त्या दिवशी उशिराचा बर्फ पडत होता. सकाळी शेडमधून बाहेर आलो आणि माझं लक्ष आमच्या गाड्यांकडे गेलं. मागून उघडी युट, ट्रक, माझी गाडी, सगळ्यांचे वायपर उभे. सवयच ती. मी एकेका गाडीपाशी गेलो आणि ते खाली घेतले. केव्ह दारात उभा राहून बघत होता.  आत जाऊन त्याने तिघांसाठी पाणी ठेवलं.

नितीन वाळला होता. केव्हने उठून हात पुढे केला, नितीनने तो धरला. बसल्यावर केव्हने तिघांसमोर चहा ठेवला. नितीनने बोलायला तोंड उघडलं, "केव्ह, आय वॉन्टेड टु से..." आणि केव्ह त्याच्या आधी बोलला.

"आय डिडन्ट लुक, मेट." त्याचा आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. "मी उतरून बघायला हवं होतं. बघितलं नाही. दॅट्स ऑन मी. तू जे केलंस ते बरोबर केलंस."

नितीनने तोंड मिटलं. तो बराच वेळ केव्हच्या हातांकडे बघत होता. मग "थँक यू" म्हणाला. कशाबद्दल, ते मला तेव्हा कळलं नाही. चहा प्यायला, उठला, गाडीपर्यंत मी त्याला सोडायला गेलो. पार्किंगमध्ये इतर गाड्यांचे वायपर उभे होते. तो त्यांच्याकडे बघत होता. मी जीव मुठीत धरून चालत होतो, आता विचारेल, मग विचारेल. त्याने विचारलं, "काका, तुमची नोकरी नीट चाललीय ना? काही त्रास नाही ना झाला?" मी म्हणालो, नाही. तो गेला.

त्यानंतर मी नियम केला. पार्किंगमधली वाट काढण्याआधी यंत्रावरच्या माणसाने उतरायचं आणि प्रत्येक गाडीच्या काचेवर ठोकायचं. वायपर वर असोत, खाली असोत, गाडी वीतभर बर्फाखाली असो. नव्याचे नऊ दिवस वरच्या साहेबांनी वाहवा केली. मग तक्रारी सुरू झाल्या. पार्किंग साफ व्हायला वेळ लागतो, लोक ताटकळतात, जिथे इंजिनचा आवाज येतो तिथेच ठोका ना. मी म्हणालो, यंत्रावर बसलेल्याला दुसऱ्या इंजिनचा आवाज येत असता तर हा नियम लागलाच नसता. मीटिंगमध्ये आवाज चढवला, नोकरी सोडायची धमकी दिली. आयुष्यात मी तेवढा एकदाच आरडाओरडा केला. नियम राहिला. मी निवृत्त झालो तेव्हाही होता. ठोकण्याची गंमत करणारे पाहुणे असतात. आतून उलटं ठोकतात, हसतात. यंत्रावरची मुलं वैतागतात. मला मात्र आतून कोणी हसलं की बरं वाटायचं.

संपादकबाईंनी लिहायला सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी मी नितीनला फोन केला. म्हटलं, दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल, आणि हे लिहायचं तर तुला एक गोष्ट सांगावी लागेल, जी आम्ही तुझ्यापासून लपवली. केव्हला दिलेला शब्द मोडतोय हे ठाऊक होतं. पण छापलेलं त्याने दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा हे बरं. मी घसा साफ केला.

"वायपरचं ना?" नितीन म्हणाला.

मी जवळची खुर्ची ओढून बसलो.

"काका, पोलिसांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. डिड यू पुट द वायपर्स अप? दोनदा विचारलं. मी इंजिनियर आहे हो. एवढं विचारतात म्हणजे त्यात काहीतरी असणार, एवढं कळतं. मी शोधून काढलं. आलो होतो ना त्या दिवशी, ते हेच सांगायला आलो होतो केव्हला, की तुमची चूक नाही, माझ्या हाताने झालं. तर त्यांनी आधीच बोलून टाकलं."

"मग तू का नाही बोललास?"

"बोलणार होतो. पण आत येताना मी तुमच्या गाड्या बघितल्या होत्या. स्नो पडत होता, अख्ख्या गावाचे वायपर वर, आणि फक्त तुमच्या गाड्यांचे खाली. तेव्हाच कळलं की तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवताय ते." मग म्हणाला, "त्या माणसाकडे मला द्यायला तेवढी एकच गोष्ट उरली होती, काका. ती मी नको कशी म्हणणार?"

मागून त्याच्या मुलीचा आवाज आला, "डॅड, हू इज इट?" तो म्हणाला, "वन सेक, बेटा." मग मला म्हणाला, "तुम्ही हे मराठीत लिहिणार ना?"

"हो. मंडळाच्या अंकात."

"मग लिहा. केव्हला मराठी येत नाही."

केव्ह आता डोंगराखालच्या गावात बहिणीकडे राहतो. दर वर्षी वर पहिला बर्फ पडला की त्याचा फोन येतो. यंदाही आला. हवेचं बोलला, गुडघ्याचं बोलला, मग नेहमीसारखं विचारलं, "तो मुलगा कसा आहे?"

"बरा आहे. मुलगी मोठी झाली त्याची."

"त्याला अजून ते कळलं नाही ना?"

"नाही, केव्ह," मी म्हणालो. "नाही कळलं."

"गुड," केव्ह म्हणाला.